तुझी आठवण काढतात

फडकं जबड्याला चिकटलं होतं. सरोजिनीबाईंनी मिठाच्या कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि कडेकडेनं थेंब सोडत त्या ते भिजवू लागल्या. घाई केली की खपलीसकट निघतं आणि मग रक्त लवकर थांबत नाही. बाळाराम खाटेवर भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याचा उजवा गाल आता गाल म्हणण्यासारखा राहिला नव्हता. दाराबाहेर चाळीतली बाई पाण्याची कळशी घेऊन जाताना नाकाला पदर लावून गेली, तशी त्यानं तिच्या दिशेनं थुंकायचा प्रयत्न केला. थुंकी त्याच्याच छातीवर पडली.

"हलू कर, बाटगे," तो म्हणाला.

त्याचं बाकीचं बोलणं आता अर्धंमुर्धं कळायचं. शिवी मात्र स्वच्छ यायची. सरोजिनीबाईंनी त्याची छाती पुसली आणि पुन्हा कापूस पाण्यात बुडवला.

दिवाळीपासून त्या रोज दुपारी चारला इथे येत होत्या. भिवंडीजवळ टेमघरच्या या चाळीत पूर्वी त्यांचं कधी येणं झालं नव्हतं, पण नाक्यावरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी चोवीस वर्षं नर्स म्हणून काढली होती, आणि निवृत्त होऊन वर्ष झालं तरी लोक वाटेत थांबवून कुणाचं इंजेक्शन, कुणाची पट्टी असं काही ना काही सांगायचेच. बाळारामच्या शेजारची आनंदीबाईही अशीच बाजारात भेटली होती. म्हणाली, आमच्या भिंतीपलीकडे एक माणूस जितेपणी सडतोय. मुंबईच्या इस्पितळानं परत पाठवलाय. वासानं आमची पोरं जेवत नाहीत. तुम्ही एकदा बघून जा.

चाळीला तो नकोच होता, आणि त्याला कारणही होतं. बाळाराम लूमच्या कारखान्यात जॉबर होता. लूम दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण हाताखालच्या माणसाला त्यानं कधी नावानं हाक मारली नाही. नळावर त्यानं बायकांना शिव्या दिल्या होत्या. गणपतीच्या मंडपाची दोरी कापली होती. एकटा राहायचा, एकटा प्यायचा, आणि दारात कुणाचं पोर खेळायला आलं तर त्याच्यावर पाणी फेकायचा. आनंदीबाई दोन वेळची पेज त्याच्या उंबऱ्याशी ठेवायची ती सुद्धा, मेला तर आपल्याच भिंतीला मेला असं होईल, या भीतीनं.

सरोजिनीबाई ख्रिस्ती होत्या, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. त्यांच्या आजोबांनी नगरकडे कुठल्या जातीतून धर्म घेतला असेल याचा अंदाज त्यानं स्वतःच बांधला आणि त्यांच्या हातचं पाणी पिणार नाही म्हणून सांगितलं. जखम धुवायला मात्र त्याची हरकत नव्हती. सरोजिनीबाईंनी ते आनंदीबाईलाही सांगितलं नाही. पती गेल्याला सहा वर्षं झाली होती, मुलगा नाशिकला होता, दुपार रिकामी होती. आणि शेजाऱ्यावर प्रीती कर, ही आज्ञा त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेली होती. ती आवडत्या माणसांपुरती असती, तर आज्ञा करायचं कारणच नव्हतं.

भिवंडीत त्यांच्या मंडळीची आठच कुटुंबं. रविवारी एका शिक्षकाच्या खोलीत सतरंजी टाकून उपासना व्हायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी कल्याणहून पाळकसाहेब यायचे. बाळारामची गोष्ट तिथे पोचली होती. सरोजिनीबाई आल्या की बायका सरकून जागा करायच्या, त्यांचे हात हातात घ्यायच्या. जानेवारीत पाळकसाहेबांनी विचारलं, "त्याचं जवळचं कुणीच नाही का?" एक मुलगी आहे म्हणतात, वळ गावात दिलेली, असं सरोजिनीबाईंनी सांगितलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून मान हलवली. म्हणाले, प्रभूनं मनात आणलं तर बाप-लेकीची भेटही होईल. पुढच्या महिन्यात, प्रभूनं तुमच्या हातून काय करवलं त्याची साक्ष सगळ्यांसमोर ऐकू आपण.

बाळारामनं मुलीचं नाव कधी काढलं नव्हतं. मुलगी आहे हे कळलं तेही आनंदीबाईकडून. पण शेवटाला आलेला बाप मनातून मुलीची वाट बघतच असणार, हे सरोजिनीबाईंनी गृहीत धरलं. इतकी वर्षं इतक्यांच्या उशाशी त्या उभ्या राहिल्या होत्या.

बुधवारी सकाळी त्या रिक्षानं वळला गेल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताच्या खाचरांत मातीचे भराव पडले होते आणि नव्या गोदामांच्या भिंती उभ्या राहत होत्या. चंद्राचं घर गावाच्या मागच्या बाजूला होतं. ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिशीच्या आतली, उंच, बापासारख्या रुंद कपाळाची. सरोजिनीबाईंनी आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं. तिनं पाट दिला, पाणी आणून दिलं, आणि पुन्हा शेंगा पुढ्यात घेतल्या.

"तुझे वडील फार आजारी आहेत, चंद्रा. आता दिवस थोडे राहिलेत."

"ऐकलंय."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. सरोजिनीबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या,

"तुझी आठवण काढतात."

हे म्हणायचं असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. नातेवाइकांना हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा सांगितलं होतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही होतं.

शेंगेवरचा चंद्राचा अंगठा थांबला. "काय म्हनतो?"

"नाव घेतात तुझं."

चंद्रानं हातातली शेंग न सोलताच परत टोपलीत टाकली.  मग अंगणाकडे बघत ती अगदी सावकाश बोलली, जणू समोर कुणी बसलेलंच नाही.

"आय मेली तवा मी अकरा वर्सांची. सकालची वेल. शेजारचा मानूस कारखान्यात निरोप घेऊन गेला. ह्यो म्हनला, शिफ्ट संपली की येतो. शिफ्ट संपवून आला, बाई. तवर मी आयच्या तोंडावरच्या माश्या वारीत बसले व्हते."

  आई गेल्यावर मामानं वळला आणलं, इथंच लग्न करून दिलं, एवढं विचारल्यावर तिनं सांगितलं. मी येणार नाही, असं तिनं एकदाही म्हटलं नाही. ते म्हणायची गरजच नव्हती. निघताना तिनं सोललेले वाल फडक्यात बांधून सरोजिनीबाईंच्या हातात दिले. घरी आलेल्या माणसाला रिकामं पाठवायची रीत तिच्या मामीनं तिला शिकवली असावी.

दुपारी चारला जखम धुताना सरोजिनीबाई म्हणाल्या, "बाळारामभाऊ, मी आज चंद्राला भेटले."

बाळारामनं त्यांचा हात झटकला. "तुला कुनी सांगितलं व्हतं?" तो ओरडला. मग मुलीबद्दल आणि तिच्या आईबद्दल त्यानं जे बोलायला सुरुवात केली, ते बोलताना जबड्यातून रक्त वाहू लागलं तरी तो थांबला नाही. सरोजिनीबाईंनी कापसानं रक्त दाबून धरलं. त्याचा जबडा त्यांच्या तळव्याखाली हलत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिठाचं पाणी केलं, कापूस फाडला, सगळं रोजच्यासारखं मांडलं. आणि मग फडक्याचं टोक चिमटीत धरून ते कोरडंच ओढलं. एका ओढीत.

बाळारामच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आनंदीबाई दारात धावत आली. सरोजिनीबाई म्हणाल्या, चिकटलं होतं जरा. आनंदीबाईनं त्यावर विश्वास ठेवला. बाळारामनं ठेवला नाही. तो पहिल्यांदाच काही न बोलता त्यांच्याकडे बघत राहिला. मारणाऱ्याचा हात तो ओळखत होता.

त्या रात्री त्यांना प्रार्थना करता आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. चार वाजले, साडेचार वाजले, तशा त्या उठून उगाच कपाट आवरत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या, तेव्हा परवाची पट्टी तशीच होती. बाळाराम भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"काल आली न्हाईस," तो म्हणाला. मग म्हणाला, "माश्या बसल्या."

सरोजिनीबाई खाटेच्या कडेवर बसल्या. अकरा वर्षांची पोर आईच्या तोंडावरच्या माश्या वारते आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं, आणि हाही माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दोघांपैकी एकाला बाजूला ठेवता आलं असतं, तर सोपं झालं असतं. त्यांनी कापूस भिजवला. त्या दिवशी पट्टी सोडवायला त्यांना पाऊण तास लागला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यांचं नाव पुकारलं. सरोजिनीबाई उभ्या राहिल्या. सगळे चेहरे वर झाले होते. पुढच्या बाईनं आपल्या मुलीला गप्प राहायची खूण केली. सरोजिनीबाईंनी पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि "माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढंच म्हणून त्या खाली बसल्या. मंडळीला तो नम्रपणा वाटला.

वळला त्या पुन्हा गेल्या नाहीत. मुलीला त्या एक खोटं देऊन आल्या होत्या, हे त्यांना रोज आठवायचं. जाऊन परत घ्यायला हवं, असंही वाटायचं. पण ते परत घेणं म्हणजे, तुझा बाप तुझं नावही घेत नाही, असं तिच्या दारात जाऊन सांगणं. ते पाऊल त्यांच्यानं उचललं गेलं नाही.

होळी झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी बाळाराम गेला. दुपारची वेळ होती. त्याचं बोलणं आठवडाभरापासून बंद झालं होतं. सरोजिनीबाई पट्टी बांधून उठत होत्या, तेव्हा त्यानं डावा तळवा पुढे केला आणि त्यावर उजवा अंगठा घासला. तंबाखू मळतात तसा. सरोजिनीबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, तोंडाची काय दशा झालीय बघा. त्यानं पुन्हा अंगठा घासला. त्या पुन्हा नाही म्हणाल्या आणि भांडं धुवायला मोरीकडे गेल्या. परत येईपर्यंत संपलं होतं. अंगठा तळव्यावरच होता.

चाळीतल्या चार माणसांनी त्याला नेलं.  सरोजिनीबाई घरी गेल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. द्यायला हवी होती, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. चिमूटभर तंबाखूनं आता काय बिघडणार होतं?

खोली रिकामी करून द्यायची होती. तिसऱ्या दिवशी आनंदीबाई आणि सरोजिनीबाईंनी मिळून ती धुवायला काढली. गोधड्या बाहेर टाकल्या, जमिनीवर फिनेल ओतलं. शेजारच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट भिंतीतून येत होता. आनंदीबाई चहा टाकायला घरी गेली आणि सरोजिनीबाई वाकून फरशी घासत होत्या, तेव्हा दारात सावली पडली.

चंद्रा होती. उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"येनार नव्हते," ती म्हणाली.

सरोजिनीबाईंनी हात पुसले आणि सतरंजी पसरली. चंद्रा आत आली, पण बसली नाही. खाटेकडे, खुंटीवरच्या सदऱ्याकडे, कोनाड्यातल्या आरशाकडे तिनं एकदा बघून घेतलं. मग सरोजिनीबाईंकडे वळली.

"तुमी म्हनालात, आठवन काढतो. दोन महिनं मना घास गोड लागला न्हाय, बाई. रोज सकाली उठायची नि म्हनायची, आज जाते. चप्पल घालून परत काढायची. खरं सांगा. खरंच काढायचा?"

सरोजिनीबाईंनी तिच्याकडे बघितलं.  हो म्हटलं असतं, तर खोटं पकडणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. मी खोटं बोलले तुझ्याशी. तू यावंस म्हणून."

चंद्राच्या तोंडून श्वास सुटला. भिंतीला टेकून ती हळूहळू खाली बसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "बुलवीत असता नि मी आले नसते, तर त्ये माज्याच्यानं उचललं नसतं." मग तिनं विचारलं, "शेवटाला काय मागितलान?"

"तंबाखू. मी दिली नाही."

चंद्रा हसली. अगदी लहानसं, नाकातून. आणि तसंच हसता हसता तिचा चेहरा मोडला. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती रडली. सरोजिनीबाई तिच्यापाशी गेल्या नाहीत. जाण्याचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांना वाटलं नाही. त्या समोर फरशीवर, ओल्यातच बसून राहिल्या.

"तुमाला आवडायचा तो?" डोळे पुसत चंद्रानं विचारलं.

"नाही."

"मंग कशापायी येत व्हता?"

उपासनेतली सगळी वचनं सरोजिनीबाईंना पाठ होती. त्यातलं एकही ओठावर आलं नाही.

"कुणी येत नव्हतं म्हणून."

चंद्रानं मान हलवली. हे उत्तर तिला पटलं असावं. पण मग ती म्हणाली,

"आयकडं पन कुनी आलं नव्हतं."

आणि ती सांगत गेली. बापानं आईचा हात मोडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. रेल्वेचा संप चालू होता ते साल. आईला घेऊन ती नाक्यावरच्या दवाखान्यात चालत गेली. डॉक्टर कल्याणच्या पलीकडून यायचे, संपामुळे आले नव्हते. एकटी नर्स होती. आईनं सांगितलं, मोरीत पाय घसरला. नर्सनं हात बसवून बांधला आणि ते वहीत लिहून घेतलं. "मी आयचा पदर वढत व्हते. मना सांगायचं व्हतं. नर्सबाईनं बरनीतली लिमलेटची गोली काढून माज्या हातावर ठेवली नि म्हनाली, शहानी पोर हाय. मंग मी गप रायले. गोली खाल्ली मी."

लूमचा खडखडाट चालू होता. सरोजिनीबाई आपल्या ओल्या हातांकडे बघत होत्या. संपाच्या त्या दिवसांत त्या एकट्यांनी दवाखाना सांभाळला होता. दिवसाला साठ-सत्तर माणसं यायची. मोडलेल्या हाताची बाई, तिच्या पदराला धरलेली पोर, यांतलं त्यांना काही आठवेना. कितीही मागे जाऊन पाहिलं तरी आठवेना. पण टेबलाच्या खणातली लिमलेटच्या गोळ्यांची बरणी त्यांची होती. स्वतःच्या पैशानं त्या ती भरायच्या. आणि मोरीत पाय घसरला असं सांगणाऱ्या बायका तेव्हा त्यांच्याकडे आठवड्याला दोन तरी यायच्या, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या सगळ्यांचं त्यांनी नीट अक्षरात लिहून घेतलं होतं.

"चंद्रा," त्या म्हणाल्या. "ती नर्स मी होते."

चंद्रा बघत राहिली. सरोजिनीबाईंनी नजर खाली घातली नाही. आणखी काही बोलावं, असं त्यांना वाटून गेलं, पण जे काही बोलता आलं असतं, ते सगळं आपल्या बाजूचंच झालं असतं.  पलीकडे आनंदीबाईनं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"मना तुमची वलख पटली न्हाय," शेवटी चंद्रा म्हणाली.

"मलाही तुझी नाही."

चंद्रानं खाली बघितलं. बोटानं फरशीवरच्या पाण्याची एक रेघ ओढली. उठून जाईल असं सरोजिनीबाईंना वाटलं, आणि ती गेली तर तिला हाक मारायची नाही, हेही त्यांनी मनात ठरवलं.

"हात चांगला बसला व्हता तिचा," चंद्रा म्हणाली. "मरेस्तवर भाकऱ्या थापल्यान त्या हातानं."